थोडंसं घाबरवा ना, प्लीज!

माझी एक मैत्रीण हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआरला आहे. दर वर्षी जानेवारी आला की तिच्या मानगुटीवर ‘फॅमिली डे’ नावाचं भूत बसतं. चारशे माणसं, त्यांचे नवरे-बायका, पोरंटोरं, काहींचे आई-बाबासुद्धा. बसेस, नाश्ता, व्हेज-नॉनव्हेज-जैन... हे सगळं ती डोळे मिटून करते. यंदा मात्र गाडी भलत्याच ठिकाणी अडली. पार्कवाल्यांनी पॅकेजमध्ये ‘हॉरर हाउस’ फ्री देऊ केलं आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. बॅचलर मंडळींचं म्हणणं, ‘तेच तर बघायचंय, नाहीतर काय मेरी-गो-राउंडवर बसायचं?’ आणि आई-बाबा पार्टीचं उत्तर, ‘आमचं पोर रात्री झोपलं नाही तर सोमवारच्या मीटिंगला आमच्याऐवजी तुम्ही बसा!’

तिने मला फोन केला. “तू लिहितेस ना असल्या विषयांवर? मग सांग, फॅमिली म्हटल्यावर किती भीती चालते?” (मी फ्रीलान्सर. माझ्या ऑफिसात मी एकटीच, त्यामुळे आमचा फॅमिली डे रोजच असतो.)

‘असल्या’ म्हणजे कसल्या, ते मी विचारलं नाही. पण प्रश्न सॉलिड आहे बॉस. जगातल्या सगळ्यात मोठ्या फॅमिली पार्कवाल्यांनी याच प्रश्नावर सपाटून मार खाल्लाय.

गोष्ट फ्लोरिडातली. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम. सिंड्रेलाचा किल्ला, मिकीचे कान घालून फिरणारी चिल्लीपिल्ली, दुपारची परेड, असा सगळा गुलाबी मामला. १९९५ मध्ये तिथल्या टुमॉरोलँडमध्ये एक नवं आकर्षण सुरू झालं, ‘एक्स्ट्राटेररेस्ट्रियल एलियन एन्काउंटर’. नावातच ‘टेरर’ कोंबलेला. मूळ बेत तर ‘एलियन’ या १९७९च्या सिनेमातला राक्षसच तिथे आणायचा होता, जो अमेरिकेत मोठ्यांसाठीचा सिनेमा होता. तेवढं काही झालं नाही, पण ‘स्टार वॉर्स’वाले जॉर्ज लुकास मदतीला आले. सुरुवातीचे ट्रायल शो डिस्नेचे तेव्हाचे बॉस मायकल आयस्नर यांना काही पटले नाहीत. त्यांनी जानेवारीत शो बंद करून दुरुस्तीला पाठवला आणि जूनमध्ये तो परत आला तो आणखी तिखट होऊन.

आत काय होतं? गोल थिएटर, मधोमध काचेचा भलामोठा सिलिंडर. खुर्चीत बसलात की रोलर कोस्टरसारखा दांडा खांद्यांवर येऊन बसायचा. खुर्ची कुठेही जात नव्हती, हं. परग्रहावरची एक कंपनी आपलं मशीन दाखवणार, लांबच्या ग्रहावरचा माणूस क्षणात इथे आणणार, अशी स्टोरी. अर्थातच घोळ होतो आणि सिलिंडरमध्ये भलतंच काहीतरी अवतरतं. काच फुटते. लाइट जातात. मिट्ट काळोख. आणि मग खुर्चीतल्या स्पीकरमधून, अगदी तुमच्या कानाशी, कुणीतरी श्वास घेतंय. मानेवर गरम हवा. डोक्यावर थेंब. तो प्राणी तुमच्याच मागे उभा आहे आणि तुम्ही दांड्याखाली जखडलेले!

मी हे प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ते बंद झालं तेव्हा मी शाळेत होते, तेही इकडे डोंबिवलीत. पण यूट्यूबवर त्याची रेकॉर्डिंग्ज आहेत. अर्ध्याहून जास्त वेळ स्क्रीन काळीच. हेडफोन लावून, रात्री, एकटीने ऐका. मी ऐकलं आणि मग उठून पॅसेजमधला दिवा लावून आले. भन्नाट काम आहे. आणि अशा कामाच्या दारात सहा वर्षांची पोरं मिकीचे कान घालून रांगेत उभी होती.

बाहेर पाट्या होत्या बरं का. लहान मुलांना भीती वाटू शकते, असं स्पष्ट सांगितलेलं होतं. पण पाटी वाचतंय कोण? लोकांनी मोठ्ठा बोर्ड आधीच वाचलेला होता, ‘डिस्ने’ नावाचा. डिस्ने म्हणजे मुलांचं, मग असून असून किती भीतीदायक असेल? आपणही काही वेगळे नाही. जुहूला ‘समुद्रात उतरू नये’ या पाटीलाच टेकून आपण फोटो काढतो. पाटीपेक्षा आजूबाजूचा माहौल जास्त मोठ्याने बोलतो, आणि मॅजिक किंगडमचा माहौल ‘या, या, सगळे या’ असंच म्हणत होता.

तक्रारी येत राहिल्या. ऑक्टोबर २००३मध्ये एलियनला निरोप दिला. आता डिस्नेने हुशारी केली. थिएटर तेच, खुर्च्या त्याच, खांद्यावरचे दांडे तेच, काळोखही तोच. फक्त राक्षस काढून तिथे स्टिच आणला, ‘लिलो अँड स्टिच’मधला निळा खट्याळ प्राणी. २००४पासून हा शो. श्वासाऐवजी आता काय, तर स्टिच काळोखात तुमच्या तोंडावर चिली-डॉगचा ढेकर देणार. वासासकट! गोंडस, विनोदी, एकदम फॅमिली... तर पोरं तरीही रडली. मोठी माणसं वैतागली ती वेगळीच, कारण त्यांची भारी भीती गेली आणि हातात आला ढेकर. जानेवारी २०१८मध्ये तेही बंद.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हा स्टिचचा भाग. राक्षस गेला तरी रडं का गेलं नाही?

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअॅन कँटर यांनी मुलं पडद्यावरचं बघून कशाला घाबरतात, यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या टीव्ही मालिकेवरचं काम प्रसिद्ध आहे. हल्क चांगला माणूस, तो लोकांना वाचवायलाच हिरवा होतो. मोठ्या मुलांना हे कळतं. अगदी लहानांना मात्र तो साधा माणूस हिरवा राक्षस होताना दिसतो, बस्स, आणि त्यांची पाचावर धारण बसते. चांगला की वाईट, हा हिशेब नंतरच्या वयातला. चार-पाच वर्षांच्या पोराला ‘अरे, तो आपल्या बाजूचा आहे’ हे सांगून उपयोग नसतो. ‘खोटं आहे’ हे सांगूनही फारसा नसतो.

याचा डेमो मी घरातच पाहिलाय. ठाण्याच्या एका मॉलमध्ये माझी भाची, तिचे बाबा आणि मी ‘भूत बंगल्या’त शिरलो. भाची पाच वर्षांची. बाहेर काउंटरवरच्या मुलाने, “काय नाय मॅडम, छोटी छोटी मुलं जातात,” असं छातीठोक सांगितलेलं. आत दुसऱ्याच वळणावर अंगावर पांढरी चादर आणि तोंडाला केचपसदृश काहीतरी लावलेला एक पोरगा किंचाळत आला. भाचीने माझा हात असा धरला की नखं उमटली. भाऊजी समजावतायत, “अगं सोनू, खोटं आहे ते, बघ ना, त्या दादाच्या पायात स्लीपर आहेत!” त्यावर ती हुंदके देत म्हणाली, “मला माहितीय खोटं आहे. पण मला बाहेर जायचंय.”

आणि बाहेर जायला रस्ताच नव्हता. म्हणजे होता, पण उरलेल्या सगळ्या भुतांमधून. चादरवाल्या दादानेच शेवटी मोबाइलचा टॉर्च लावला आणि आम्हाला मागच्या मागे काढलं. बिचारा सॉरीही म्हणाला.

तिची भीती भुताची नव्हतीच. ती अडकल्याची होती. स्टिच कितीही गोड असू दे, खांद्यावर लोखंडी दांडा आहे आणि लाइट गेलेत, हे पाच वर्षांच्या मुलाला पुरतं.

पार्कवाले मात्र मोजतात काय? उंची. गेटवर तो रंगीत खांब असतो ना, त्याच्याएवढं झालं की प्रवेश. ती उंची असते सेफ्टी बारसाठी, अंग सीटमध्ये नीट बसावं म्हणून. इमॅजिकाच्या नायट्रोवर ती लागतेच आणि लागायलाच हवी. पण आपण तिचा अर्थ ‘धीट’ असा लावून मोकळे होतो. सात वर्षांचा ताडमाड मुलगा आणि अकरा वर्षांची बुटकी मुलगी यांत हॉरर शोला कोण तयार आहे, हे खांबाला काय कळणार?

आता आई-बाबा पार्टीने लगेच टाळ्या पिटू नयेत. कारण दुसरं टोकही तितकंच बोअर आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५५पासून स्नो व्हाइटची राइड आहे. सुरुवातीला तिच्यात स्नो व्हाइटच नव्हती! आयडिया अशी की गाडीत बसलेले तुम्हीच स्नो व्हाइट, आणि चेटकीण तुमच्या मागे लागलीय. लोक बाहेर येऊन विचारायचे, स्नो व्हाइट कुठे होती? १९८३मध्ये राइड नवी केली तेव्हा तिला आणलं आणि सोबत नावातच ‘स्केरी’ हा शब्द टाकला. गुलाबी बोर्डाच्या मागे काय आहे, ते बोर्डावरच लिहिलं. मला हे जाम आवडतं. २०२१मध्ये पुन्हा रंगरंगोटी झाली, तेव्हा ‘स्केरी’ जाऊन ‘एन्चांटेड विश’ आलं, शेवट गोडगोड झाला. पण चेटकीण आहे. तिला काढून उरणार काय? सात बुटके आणि एक झोपलेली बाई! भीती नसलेली परीकथा म्हणजे मिसळीतून तर्री काढून घेतल्यासारखं.

फॅमिलीला घाबरवायचं कसं, याचं माझ्या मते बेस्ट उदाहरण म्हणजे त्याच डिस्नेलँडमधली १९६९ची ‘हाँटेड मॅन्शन’. ती बनवणाऱ्यांतच भांडण होतं. क्लॉड कोट्स यांना हवी होती खरी, अंगावर काटा आणणारी हवेली. मार्क डेव्हिस यांना हवे होते विनोद. शेवटी दोघांचंही ठेवलं. आधी लांबच लांब कॉरिडॉर, हलणारी दारं, कुणीच दिसत नाही. मग अचानक भुतांची पार्टीच सुरू! नाचतायत, खातायत, स्मशानात गाणी म्हणतायत. आधी घाम, मग हसू. आणि तिथे उंचीचा खांबच नाही. आजी आणि नातू एकाच गाडीत. नातू आजीच्या कुशीत तोंड लपवतो, आजीही मनातून घाबरलेली असते, आणि दोघं हसत बाहेर येतात.

बरं, ही भीती प्रत्येक गावाला वेगळी शिवावी लागते. टोकियोत हीच हवेली परीकथांच्या विभागात, फँटसीलँडमध्ये आहे. हाँगकाँगला २०१३मध्ये ‘मिस्टिक मॅनर’ काढलं, त्यात भुतंच नाहीत. तिथे पूर्वजांचे आत्मे ही चेष्टेची गोष्ट नाही, म्हणून जादूची पेटी आणि एक माकड! आपल्याकडे मात्र अजून चादर, केचप आणि किंकाळी. बागुलबुवापासून मुंजापर्यंत एवढा माल आजीच्या गोष्टींत पडून असताना! पिंपळावरचा थोडासा विनोदी मुंजा कुणी नीट बांधला, तर मी पहिलं तिकीट काढेन.

एका बाबतीत मात्र विनोद नको. ११ मे १९८४ला न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर पार्कमधल्या ‘हाँटेड कॅसल’ला आग लागली. आठ टीनएजर्स गेले. आत स्प्रिंकलर नव्हते, आणि मुद्दाम चक्रावून टाकणारे अंधारे रस्ते होते. त्यानंतर अमेरिकेत अशा अंधाऱ्या वास्तूंसाठीचे आगीचे नियम कडक झाले. आपल्याकडे मे २०२४मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये पंचवीसहून जास्त माणसं जळून गेली, त्यांत मुलंही होती. तो भूत बंगला नव्हता, साधा सुट्टीतला खेळ होता. त्यामुळे हल्ली मी असल्या ठिकाणी आधी भुतं नाही, दारं बघते.

मैत्रिणीला मी सांगितलं, हॉरर हाउस ठेव, पण पोरांच्या वेळापत्रकात नको. संध्याकाळी वेगळा स्लॉट, ज्याला हवं त्याने जावं. युनिव्हर्सलवाले ऑरलँडोत १९९१पासून हेच करतायत. हॅलोविनच्या रात्री वेगळं तिकीट, तेरा वर्षांखालच्यांना आणू नका असा सल्ला, आणि मग मनसोक्त रक्त! डिस्नेनेही एलियनच्याच वर्षी, त्याच पार्कमध्ये एक हॅलोविन पार्टी सुरू केली होती, ‘नॉट-सो-स्केरी’ असं नावातच सांगून. एलियन केव्हाच गेला, ती पार्टी मात्र पुढे वर्षानुवर्षं भरत राहिली.

आणि तुम्ही या वीकेंडला भाचा-पुतणी घेऊन निघाला असाल, तर काउंटरवरच्या मुलाला ‘भीतीदायक आहे का?’ असं विचारू नका. तो ‘काय नाय मॅडम’च म्हणणार. विचारा, ‘मध्येच बाहेर यायचं झालं तर कुठून?’ तो लगेच हात करून दार दाखवेल, तर जा बिनधास्त. डोकं खाजवायला लागला, तर शेजारीच आइस्क्रीमचा स्टॉल असेल.