रोममधली गांधीलमाशी

मुलांनो, चला, आज रोमला फिरू या, तेही स्कूटरवरून! इटालियनमध्ये ‘वेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. ही स्कूटर १९४६ साली जन्मली. घडवणारे कोराडिनो दास्कानिओ होते विमानांचे इंजिनिअर, आणि मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे! म्हणून त्यांनी इंजिन झाकून टाकलं, कपड्यांना तेल लागायला नको. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं. आजोबांची जुनी बजाज असेल तर निरखून बघा, तस्संच दिसेल.

गाडी आई किंवा बाबा चालवतील, तुम्ही मागे. इथे उजव्या बाजूने जायचं हं! हेल्मेट दोघांनाही सक्तीचं. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर बसवायलाच बंदी. आपल्याकडे तेवढंसं पोर पुढे उभं करतात! आई-बाबा, वाचताय ना?

कलोसियमजवळ वेग कमी करा. जुन्या रस्त्यांवरचे काळे चौकोनी दगड पावसात फार निसरडे होतात.

तहान लागली? रस्त्यावर ‘नासोने’ म्हणजे ‘मोठ्ठं नाक’ नावाचे नळ आहेत. पाणी फुकट! खालून बोटाने तोंड बंद करा, की वरच्या भोकातून थेट तुमच्या तोंडात कारंजं.