घोलवडचा चिकू आणि ब्रिटनचं सार्वभौमत्व

जून 2021 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूची एक खेप ब्रिटनला रवाना झाली. या चिकूला भौगोलिक मानांकन आहे आणि ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. बातमी छोटी होती. अभिमानाच्या चार ओळी छापून आल्या आणि विषय संपला. पण माल ज्या ब्रिटनमध्ये उतरला, तिथले नियम सहा महिन्यांपूर्वीच बदलले होते. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला, उत्तर आयर्लंडचा अपवाद सोडला तर, संघाचे व्यापारनियम तिथून उठले.

याचं डहाणूच्या वाडीत बसलेल्या माणसाला काय? त्यासाठी 2014 चा हापूस आठवायला हवा. त्या वर्षी 1 मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर, आणि वांगं, कारलं, पडवळ, अळू यांच्यावरही बंदी घातली. कारण होतं फळमाशी. लेस्टरसारख्या शहरांतले दुकानदार हवालदिल झाले, ब्रिटिश खासदारांनी आवाज उठवला. पण बंदी उठवण्याचा अधिकार लंडनकडे नव्हताच. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, तीही भारताने तपासणी आणि पॅकहाउसची व्यवस्था सुधारल्यावर आणि संघाच्या पातळीवर निर्णय झाल्यावर. नियम आपल्या हातात नाहीत, ही ब्रेक्झिटवाल्यांची तक्रार निदान इथे तरी खोटी नव्हती.

गंमत अशी की ब्रिटनच्या शेती खात्याला स्वतःच्या टोमॅटो-काकडीची काळजी होती आणि त्याने बंदीची पाठराखणच केली होती. म्हणजे अधिकार लंडनकडे असता तरी हापूस अडलाच नसता, असं नाही. फळमाशी कुणाचा झेंडा बघून अंडी घालत नाही.

बाहेर पडल्यावर काय झालं, ते अधिक बोलकं आहे. युरोपातून येणाऱ्या मालावर स्वतःच्या तपासण्या बसवायला ब्रिटनला वर्षानुवर्षं लागली आणि तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. उत्तर आयर्लंडला मालापुरते संघाचे अनेक नियम ठेवावे लागले, त्यामुळे एकाच देशातल्या दोन भागांत कागदपत्रं आणि लेबलं आली. आणि मे 2025 मध्ये ब्रिटनने युरोपीय संघाबरोबर ठरवलं की अन्न आणि वनस्पती-आरोग्याबाबत करार करायचा. त्यात संघाचे नियम बदलतील तसे ब्रिटनने आपले बदलायचे. पूर्वी हे नियम ठरताना ब्रिटनला मत होतं. आता सल्ला देता येईल, मत नाही. दोनच महिन्यांनी, 24 जुलै 2025 ला, भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. जकात किती, हे त्या कराराने ठरेल. पण चिकूवर कीटकनाशकाचा अंश किती चालेल, हे पुन्हा ब्रसेल्सच्या यादीत बघावं लागेल, अशी शक्यता आहे.

सार्वभौमत्व हे घराच्या किल्लीसारखं नसतं, की एकतर आपल्या खिशात किंवा दुसऱ्याच्या. हे शिकायला डहाणू-तलासरीच्या माणसाला युरोपात जायची गरज नाही. तलासरीला लागूनच दादरा-नगरहवेली आहे. 1779 साली पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह करून तिथल्या गावांचा महसूल त्यांना दिला. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीज तिथले धनीच होऊन बसले. 1954 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी तो मुलूख मोकळा केला आणि दमणहून तिकडे जाणारी पोर्तुगीजांची वाट भारताने बंद केली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसूल, सत्ता नव्हे. तरीही पुढच्या वहिवाटीमुळे सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क होता, पण भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य आणि शस्त्रं यांना नव्हता. आणि भारताने वाट अडवली ते बेकायदा नव्हतं.

जमिनीची मालकी, मालाची वाट, बंदुकीची वाट: न्यायालयाने तीन गोष्टी वेगळ्या केल्या. आपल्या चॅनेलवरच्या चर्चेत त्या तिन्ही एकाच मुठीत धरून आपटल्या जातात.

त्या निकालानंतर 19 दिवसांनी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. उंबरगाव तालुक्यातली 47 गावं आणि तीन शहरं गुजरातेत गेली. उरलेली 27 गावं आधी डहाणूला जोडली आणि 1961 मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. वारल्यांची सोयरीक दोन राज्यांत विभागली गेली. पण ही रेघ सार्वभौम नव्हती. देशभर व्यापार आणि येणं-जाणं मुक्त राहील, असं राज्यघटनेचं कलम 301 सांगतं. तरीही महामार्गावर आच्छाड आणि भिलाड ही नावं ट्रकवाल्यांना रांगांमुळे पाठ होती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांनी आपला करअधिकार एका परिषदेत नेऊन ठेवला. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. केंद्राशिवाय काही होत नाही, एकट्या केंद्रालाही काही करता येत नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत. राज्यांनी काही गमावलं का? गमावलं, आणि त्याची तक्रार राज्यं करतात ती ऐकायलाच हवी. पण निदान बसायला खुर्ची आहे, आणि ब्रिटनने सोडली ती नेमकी हीच. (ई-वे बिलाच्या रूपाने नाका आता सर्व्हरवर गेलाय. तिथे बांबू दिसत नाही, पण एक चुकीचा आकडा गाडी अडवतो.)

आपल्याला, मुसलमान तरुणांना, यात पडायचं कारण वेगळंही आहे. ब्रेक्झिटचा वाद नियमांचा होता. पण जून 2016 मध्ये, मतदानाला आठवडा उरला असताना, प्रचाराचं जे पोस्टर गाजलं त्यावर आंबा नव्हता, जकात नव्हती. निर्वासितांची रांग होती. तुर्कस्तान संघात येणार, अशी भीतीही घातली गेली. नियमांबद्दलचा राग चेहऱ्यांकडे वळवणं सोपं असतं. आपल्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेशाने हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली, आणि निर्यातीच्या मालाला सूट दिली. तोच शिक्का बंदरावर परकीय चलन आणतो आणि बाजारात गुन्हा ठरतो. खरेदीदार देशाची अट म्हणून जे मान्य, ते आपल्याच नागरिकाची निवड म्हणून का नाही, हा प्रश्न भावनेचा नाही. तो व्यापाराच्या नियमाचा आहे, आणि तसाच विचारला पाहिजे.

आपल्याकडूनही ढिलाई होते. 2020 मध्ये फ्रेंच मालावर बहिष्काराचे मेसेज आपल्या गटांत रात्रभर फिरले. आंब्यावर बंदी आली तेव्हा बागवान मोहल्ल्यात तिचा मसुदा किती जणांनी वाचला? फळांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करणारी आपली माणसं आहेत, आणि कोकणी मुसलमानांची घरं ब्रिटनमध्येही आहेत. दोन्हीकडची माहिती आपल्याच नात्यागोत्यात असताना नियम मात्र आपण दलालाकडून ऐकतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ब्रिटनबरोबरच्या करारातल्या फळांच्या अटी, कीटकनाशकांच्या मर्यादा आणि मानांकनाबद्दलची कलमं कृषी विभागाने मराठीत छापावीत, आणि डहाणू, घोलवड, बोर्डी, तलासरी इथे बागायतदारांबरोबरच फळ खरेदी करणाऱ्यांना आणि वाडीत काम करणाऱ्या वारली बायांनाही बोलावून समजावून सांगावीत. फवारणीचं पाणी त्यांच्याच हातावर पडतं. हे होईपर्यंत आमच्या वाचकांपैकी ज्यांना इंग्रजी मसुदा वाचता येतो, त्यांनी एकेक प्रकरण वाटून घ्यावं आणि त्याचा मराठी गोषवारा आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो दोन्ही भाषांत प्रसिद्ध करू.