चूक गाडीची नाही

"धरमपेठेत राहतो अन् असली बुटकी गाडी घेतली? उंच घ्यायची ना बाप्पा!" इति काकाजी.

माझी २०२० ची ऑक्टाव्हिया आरएस, २४५ अश्वशक्तीची. गल्लीच्या तोंडाशीच तिचं पोट खरवडतं, मान्य. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद, हळुवार गोलाईचा हवा. आमच्याकडचा डांबराचा ढिगारा रुंदीला हातभरही नाही! तिथे रिक्षा, स्कूटर सगळेच आपटतात. माझी गाडी तेवढी आवाज करते, म्हणून दोष तिचा? छप्पर गळतं म्हणून घरात छत्री उघडून बसायचं?

आणि काकाजी, आईला दवाखान्यात नेलं ते तुमच्याच उंच गाडीतून. त्याच ढिगाऱ्यावर ती पाठ धरून कळवळली, आठवतं ना?