राजहंसाला कोंबडीचा हिशोब लावू नका

कुक्कुटपालनावर व्हिडिओ केला की हा प्रश्न ठरलेलाच: "सर, राजहंसाची जोडी घेतली, वर्ष झालं, अंडी नावाला. विकून टाकू का?"

माझं मत स्पष्ट आहे, इतक्यात विकू नका. हा पक्षी काही नापास झालेला नाही, तुम्ही त्याला कोंबडीचं गणित लावताय.

लेअर कोंबडी १८-२० आठवड्यांत अंड्यावर येते. २६-३० आठवड्यांच्या आसपास कळप ९० टक्क्यांच्या वर जातो आणि मग उतरणच. वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, पण कवच पातळ पडतं, फुटतूट वाढते. खाद्य मात्र रोज साधारण ११० ग्रॅम लागतंच. म्हणून मोठे फार्मवाले ७२-८० आठवड्यांत लॉट काढतात, हल्ली काही जण त्याहून जास्त ठेवतात. तिथे जुना पक्षी म्हणजे तोटा.

राजहंसाचं उलटं आहे. मादी साधारण वर्षाची झाल्यावर, तेही हंगामातच अंडी देते. पहिल्या हंगामात अंडी कमी, आकाराने लहान आणि त्यातून पिल्लंही कमी निघतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खरा जोर येतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मादी कामाची राहते. आपल्या भागात मोसंबीची बाग पहिल्या बहाराला कोणी तोडतं का?

आता धंद्याचं बोलू. चांगल्या हंगामातही वर्षाला ३०-५० अंडी, लेअर देते ३०० च्या घरात. म्हणजे खाण्याची अंडी विकून राजहंस परवडत नाही, कमाई पिल्लांतच. आणि पिल्लं हवी तर अनुभवी मादी हवी. बाजारात मात्र "एकदम तरणी जोडी" म्हणून जास्त पैसे घेतात! माझ्या मते जास्त भाव दोन-तीन वर्षांच्या, अंडी दिलेल्या मादीला द्यावा. (नर-मादी दिसायला सारखे. जोडी म्हणून दोन नर घरी येतात, ते वेगळंच.)

कोंबडीच्या बाबतीत वयाची अडचण नसते. आपल्या शहरातल्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाचं पिल्लू आणलं की जन्मतारीख हातात. राजहंस मोठा झाला की वय नुसतं बघून कळत नाही. म्हणून पायात प्लॅस्टिकची रिंग घाला, दरवर्षीच्या पिल्लांना वेगळा रंग, आणि वहीत मादीवार अंडी लिहा. दोन हंगाम लिहून झाले की मग विकायचं का ते बोलू.