पहिला तालुका कोणता? ब्राउझरांच्या दुफळीचा इतिहास

१/ बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. समजा, त्यांची यादी एका एक्सएमएल दस्तऐवजात नोंदवली: प्रथम बीड, मग आष्टी, मग पाटोदा. संकेतस्थळावरील स्क्रिप्टने त्या यादीला विचारले, ‘तालुका[१]’ कोणता? मानक भाषेनुसार उत्तर येते बीड. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या बोलीत येते आष्टी. चूक झाल्याची सूचना मात्र कोठेही नाही. ‘त्या काळी तंत्रज्ञानच अपरिपक्व होते’ असे म्हणून या प्रकाराला आजही क्षमा केली जाते. तारखा निराळेच सांगतात.

२/ एक्सएमएल १.० ही वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाली. अशा दस्तऐवजातून नेमका हवा तो भाग शोधण्याची भाषा, म्हणजे एक्सपाथ १.०, १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. तिच्यात गणना एकापासून होते.

३/ इंटरनेट एक्सप्लोरर ५ त्याआधीच, मार्च १९९९ मध्ये आला होता. त्यातील ‘सिलेक्टनोड्स’ ही सोय मानकापूर्वीच्या बोलीवर उभी होती आणि तिच्यात गणना शून्यापासून होती. येथवर मायक्रोसॉफ्टला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

४/ दोष आहे तो पुढचा. एमएसएक्सएमएल ३ या घटकाला एक्सपाथ समजू लागले, तरी मुळातली निवड जुन्या बोलीचीच राहिली. ‘सिलेक्शनलँग्वेज’ हा गुणधर्म हाताने बदलावा लागे. ज्याला हे ठाऊक नव्हते, त्याला चुकीची ओळ मिळे आणि ती बरोबरच वाटे.

५/ फायरफॉक्स, ऑपेरा आणि नंतर सफारी यांनी ‘डॉक्युमेंट.इव्हॅल्युएट’ ही पद्धत स्वीकारली. बचाव असा केला जातो की, २००४ साली ती केवळ कार्यगटाचे टिपण म्हणून प्रसिद्ध झाली, शिफारस म्हणून नव्हे. पण तेच टिपण इतरांना पुरले. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चे पाठबळ १५ जून २०२२ रोजी थांबले, तोवर ही पद्धत त्यात आलीच नाही.

६/ प्रोग्रामरपुढे तीन वाटा होत्या: प्रत्येक पृच्छा दोनदा लिहावी, ‘सारिसा’सारखे मध्यस्थ ग्रंथालय वापरावे, किंवा एकाच ब्राउझरपुरते लिहून ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे’ अशी पाटी लावावी. भारतातील कित्येक सरकारी संकेतस्थळांनी तिसरी वाट धरली. हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नव्हता. तो प्रशासनाचा आळस होता.

७/ बीडकरांना हे अधिक बोचायला हवे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० संमत झाला तेव्हा त्या खात्याचे केंद्रीय मंत्री होते अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या या कायद्याचे कलम ४ इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कागदाची मान्यता देते. अट अशी की, तो पुढेही संदर्भासाठी वापरता येईल असा उपलब्ध असावा. एका कंपनीच्या एका ब्राउझरातच जो अभिलेख उघडतो, तो लिनक्स वापरणाऱ्या शाळेला वा हाती केवळ मोबाइल असलेल्या शेतकऱ्याला कसला उपलब्ध?

८/ २०१० मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. म्हणजे तत्त्व सरकारलाही मान्य होते. अभाव होता तो ते पाळून घेण्याचा.

९/ एक्सएमएल आजही गेलेले नाही. आधारची ऑफलाइन केवायसी फाइल त्याच रूपात मिळते. आणि पाटीही गेलेली नाही, तिच्यावर आता ‘क्रोममध्येच उघडावे’ असे लिहिलेले असते. म्हणून मागणी एकच: कोणतेही सरकारी पान क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत तपासल्याशिवाय, आणि तिन्हींत एकच उत्तर आल्याशिवाय, कंत्राटदाराचे देयक मंजूर होऊ नये.