बेलोऱ्यात विमान उतरलं, काम कधी उतरणार?

16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याच्या धावपट्टीवरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अमरावतीला आनंद झाला, तो रास्तच होता. तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था येते आहे. वर्षाला 180 वैमानिक घडवण्याची योजना आहे. चांगलंच आहे. पण त्या परवान्याचा खर्च आपल्यातल्या किती घरांना झेपेल? मला काळजी आहे ती लेथवर उभ्या असलेल्या पोरांची.

विमान एका कारखान्यात बनत नाही. बोइंग 787च्या फ्लोअर बीम, म्हणजे प्रवाशांच्या पायाखालचे आडवे आधार, टाटांच्या कंपनीने नागपूरच्या मिहानमध्ये बनवले. राफेलच्या करारात किमतीच्या निम्म्या रकमेचं काम भारतात देण्याची अट होती. तिला ऑफसेट म्हणतात. त्याच काळात, 2017 मध्ये, मिहानमध्ये दसॉ-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली. 2020 मध्ये केंद्राने सरकार-ते-सरकार खरेदीतून ही अट काढून टाकली. राज्याचं एरोस्पेस व संरक्षण उत्पादन धोरण 2018 पासून आहे.

2022 मध्ये सी-295 विमानांचा कारखाना वडोदऱ्याला गेला, तेव्हा विदर्भात मोठा गहजब झाला. मी त्यात सामील नव्हतो. समजा, तो नागपूरला आला असता, तर अकोल्याच्या एमआयडीसीतल्या दोन लेथच्या वर्कशॉपला त्यातून काय मिळालं असतं?

काहीच नाही. कारण मधे कागद उभा आहे. विमानाचा साधा ब्रॅकेट बनवायचा तरी एएस 9100 हे प्रमाणपत्र लागतं. धातू कुठल्या लॉटचा, कोणत्या मशीनवर कापला, कोणी मोजला, सगळी नोंद वर्षानुवर्षं जपावी लागते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर रात्री अपडेट सोडता येतं. तीस हजार फुटांवर तसं जमत नाही, म्हणून ही कडक शिस्त योग्यच आहे. पण तिचा खर्च छोट्या मालकाने एकट्याने का सोसायचा? आणि ऑर्डर मिळेल याची खात्री नसताना?

सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवलं होतं की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि असंघटित कामात आहेत. वेल्डिंग, फिटिंग, गॅरेज. हात तयार आहेत, कागद नाही.

मोरोक्कोने हे ओळखलं. कासाब्लांकाजवळ सरकारने पैसा घातला आणि प्रशिक्षण संस्था चालवायला उद्योगांच्या संघटनेकडे दिली. कंपनीला जसा कामगार हवा तसा तिथे घडवला जातो. विमानाच्या वायरिंगच्या कामात तिथे मुलीही मोठ्या संख्येने आहेत. आपल्याकडे मुलींच्या आयटीआयचा विषय निघाला की शिवणकामावरच थांबतो, हेही बोलायला हवं.

केंद्राच्या झेड योजनेत सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात 80 टक्के सवलत मिळते. तशीच सवलत एएस 9100साठी हवी. अमरावती आणि अकोल्यात सीएनसी व मोजमापाच्या यंत्रांचं सामायिक केंद्र हवं, कारण तसलं मापयंत्र एकट्या वर्कशॉपला परवडत नाही. आणि राज्याची सवलत घेणाऱ्या मिहानमधल्या मोठ्या कंपनीला ठरावीक हिस्सा विदर्भातल्या छोट्या पुरवठादारांकडून घेण्याची अट हवी. जिल्हा उद्योग केंद्रात हे लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, आणि महिन्याभराने पुन्हा जा.