ट्रायथलॉनचा अर्ज आणि वैद्याचे कर्तव्य

व्यायाम हा स्वस्थवृत्ताचा विषय. पदवी परीक्षेत दिनचर्येवरील एका टीपेपुरता आपण तो अभ्यासतो आणि पुढे चिकित्सालयात ‘रोज थोडे चालत जा’ एवढ्या सल्ल्यावर त्याची बोळवण करतो. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्याकडे असा एक वर्ग येऊ लागला आहे, ज्यास चालण्याचा सल्ला नको असतो. त्यास पोहणे, सायकल व धावणे अशी एकापाठोपाठ एक होणारी स्पर्धा करावयाची असते. तो रुग्ण म्हणून येत नाही. ‘अर्ज भरू का?’ एवढेच विचारावयास येतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपण तयार आहोत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रसंग भंडारदऱ्याचा आहे. प्रवरेवरील विल्सन धरण, त्याच्या पाठीमागे पसरलेला जलाशय, शेंडीहून रतनवाडीच्या अमृतेश्वराकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता आणि माथ्यावर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर हा परिसर पर्यटकांस परिचित आहे. आता पहाटे त्याच रस्त्यावर हेल्मेट घातलेले सायकलस्वारही दिसतात. त्यांपैकीच एक प्राथमिक शाळेतील गुरुजी, वय ४६, गेल्या वर्षी वैशाखात आमच्याकडे आले. गोव्यातील अर्ध-आयर्नमॅन स्पर्धेची माहिती त्यांनी छापून आणली होती. ‘डॉक्टर, नाडी बघा आणि सांगा, भरू का अर्ज? आणि ताकदीचे काहीतरी सुरू करा,’ असे ते म्हणाले.

ज्यांस या स्पर्धेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९७८ साली हवाई बेटांपैकी ओआहू येथे जॉन कॉलिन्स या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ही स्पर्धा प्रथम झाली. पोहणारा, सायकल चालवणारा की धावणारा, यांत अधिक तंदुरुस्त कोण, या वादातून ती जन्मली. त्या दिवशी १५ जण उतरले व १२ जणांनी ती पूर्ण केली. पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धावणे. याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा गोव्यात मिरामार येथे २० ऑक्टोबर २०१९ रोजी प्रथम झाली. तीत १.९ किलोमीटर समुद्रात पोहावे लागते, ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते व शेवटी २१.१ किलोमीटर धावावे लागते. हे सारे साडेआठ तासांच्या आत.

आपल्या महाराष्ट्रास हे क्षेत्र नवखे राहिलेले नाही. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी पूर्ण अंतराची स्पर्धा अनेकवार पार केली आहे. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशी गाठता गाठता, झुरिक येथे ती पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. ही उदाहरणे वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचली आणि चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना आपणही काही करू शकतो असे वाटू लागले. यात वाईट काही नाही. तथापि ज्यांची नावे छापून येतात त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास असतो. तो अभ्यास बातमीत मावत नाही.

आमची एक चूक

गुरुजींना उत्तर देण्यापूर्वी आम्हांस एक जुना प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण दुकानदार आला होता. आम्ही नाडी पाहिली, जीभ पाहिली, ‘शरीर उत्तम आहे, उतरा’ म्हणून सांगितले आणि एक बल्य चूर्ण व एक अवलेह दिला. वैशाखातील उन्हात नव्वद किलोमीटरच्या सरावास गेला असता तो घाटात चक्कर येऊन पडला. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा रक्ताचे प्रमाण फार खालावलेले निघाले. कित्येक महिने त्यास रक्तार्श होते. लाजेपोटी त्याने ते सांगितले नाही, हे खरे; परंतु आम्ही विचारलेही नव्हते. रक्तपित्ताच्या रुग्णाने व्यायाम वर्ज्य करावा असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट असताना आम्ही त्यास नव्वद किलोमीटर सायकल चालवावयास पाठविले, तेही चूर्णाचे पैसे घेऊन. तो वाचला. त्या दिवसापासून ‘उतरा’ हा शब्द आम्ही सहज उच्चारीत नाही.

परीक्षा कशाची करावी

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्ष्य भावांत व्यायामशक्तीची स्वतंत्र गणना आहे आणि ती कर्मावरून जाणावी असे म्हटले आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनगटावरून व्यायामशक्ती कळत नाही. त्यास काम करावयास लावूनच ती कळते. म्हणून आम्ही गुरुजींना घेऊन एका पहाटे बारी गावातून कळसूबाईच्या वाटेला लागलो. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, तोंड कोरडे पडणे आणि श्वास मुखावाटे सुरू होणे ही बलार्धाची लक्षणे कोणत्या टप्प्यावर उमटतात, ते घड्याळ लावून पाहिले. चढण त्यांनी चांगली पेलली. उतरल्यावर श्वास पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो, भूक केव्हा लागते, रात्री झोप कशी लागते व दुसऱ्या दिवशी अंग जड राहते का, याचीही नोंद केली.

यानंतर सार, संहनन, सात्म्य, आहारशक्ती व वय यांचा विचार झाला. सत्त्वपरीक्षेच्या वेळी खरी गोष्ट बाहेर आली. गुरुजींचे वडील ४८ व्या वर्षी हृद्रोगाने गेले होते. दोन वर्षांनी आपणही त्या वयाचे होऊ, ही धास्ती त्यांच्या मनात होती. स्पर्धेचे पदक म्हणजे आपल्याला तसे काही होणार नाही याचा दाखला, असे ते धरून चालले होते. असा दाखला कोणतीही स्पर्धा देत नाही, हे त्यांस सांगणे आवश्यक होते.

येथे आधुनिक माहितीकडे डोळेझाक करून चालणार नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमधील मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या. बहुसंख्य व्यक्ती पुरुष होत्या आणि सरासरी वय ४७ च्या आसपास होते. ज्या ६१ जणांच्या शवविच्छेदनाची माहिती मिळाली त्यांपैकी २७ जणांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांचे महत्त्वाचे दोष आढळले. लाखो स्पर्धकांच्या मानाने ही संख्या अल्प आहे. परंतु वय ४६, पुरुष, पित्याचा अकाली हृद्रोग, आणि पोहणे शिकले ते गावच्या विहिरीत व पुढे तरणतलावात, हे सारे एकाच व्यक्तीच्या ठायी असेल तर सरासरीवर विसंबणे उचित नव्हे. आम्ही गुरुजींना हृद्रोगतज्ज्ञांकडे ई.सी.जी. व ट्रेडमिल तपासणीसाठी पाठविले. अशी चिठ्ठी लिहिण्यात काही वैद्यबंधूंना कमीपणा वाटतो; आमच्या मते न लिहिण्यात अधिक कमीपणा आहे.

ऋतूचा विचार

या स्पर्धेविषयी जे आपल्याशिवाय दुसरा कोणी सांगणार नाही ते ऋतूसंबंधी आहे. गोव्यातील स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. म्हणजे सरावाचे सर्वांत कठीण महिने आषाढ, श्रावण व भाद्रपद हे येतात. वर्षाऋतूत अग्नी मंद व बल अल्प. वाग्भटाचार्यांनी या ऋतूत आयास टाळावयास सांगितला आहे. शरदात पित्ताचा प्रकोप. पूर्ण अर्धशक्तीचा व्यायाम सांगितला आहे तो शीतकाली व वसंतात, इतर वेळी त्याहून कमी. अर्थात पाश्चात्त्यांचे सरावाचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे लावले, तर बल सर्वांत कमी असते तेव्हाच श्रम सर्वाधिक होतात.

भंडारदऱ्यात हे ग्रंथ न उघडताही कळते. घाटघरच्या बाजूस आषाढात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, रस्त्यावर दहा पावलांपलीकडचे धुक्यात हरवते, कपडे वाळत नाहीत आणि दमलेल्या माणसास ओल्या अंगाने घरी परतावे लागते. अशा दिवसांत जलाशयात सरावासाठी उतरणे तर सर्वस्वी अयोग्य. परवानगी, सोबतची नाव व जाणता साथीदार यांवाचून धरणाच्या पाण्यात कोणत्याही ऋतूत पोहू नये, हे आम्ही येथे निक्षून सांगतो.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द

‘ताकदीचे काहीतरी’ ही मागणी आपल्या दुकानांत रोज येते. अगस्त्य ऋषींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अकोले तालुक्यात अगस्त्य हरीतकीची बाटली पुढे करण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु रसायन हे शुद्ध शरीरास, अग्नी पाहून, दीर्घकाळ द्यावयाचे असते. स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात विकावयाचे नसते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. स्पर्धकाची उत्तेजक चाचणी होऊ शकते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत स्ट्रिक्नीन आहे आणि आपला कुचला, अर्थात विषतिंदुक, त्याचाच स्रोत आहे. सांधेदुखी व वातविकारांवर आपण सहज देतो त्या अनेक गुटींत तो असतो. सोमलतेतील एफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर निषिद्ध आहे. भांगयुक्त कल्पही स्पर्धाकाळात चालत नाहीत. म्हणून स्पर्धकास औषध देताना घटकद्रव्यांची यादी लेखी द्यावी. घटक न छापलेले, कोणीतरी पिशवीत बांधून आणलेले ‘गुणकारी’ चूर्ण तर दुकानात ठेवूच नये. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे आपणां सर्वांस ठाऊक आहेत.

पाण्याबद्दलही सावध करावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले आणि त्याचे एक मुख्य कारण अतिजलपान हे होते. तहान नसता पाणी पिऊ नये, हा आपला जुना सल्ला येथे प्राण वाचवू शकतो.

मग निषेधच करावा काय?

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील की हे सारे साहस आहे. हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त आपल्या ग्रंथांत आहेच. मग सरळ नको म्हणावे. हे मत आम्हांस मान्य नाही. व्यायामाच्या फळांत चरकाचार्य लाघव व कर्मसामर्थ्य यांबरोबर दुःखसहिष्णुतेचीही गणना करतात. रतनगडाच्या पायथ्याचे महादेव कोळी व ठाकर बांधव डोक्यावर मोळी घेऊन जी चढण सहज चढतात, ती शहरी माणसास साहस वाटते. बलाचा अर्धा भाग हे माप प्रत्येकाचे निराळे असते आणि अभ्यासाने ते वाढते. सवय बदलावयाची तर ती पादांशाने, हा क्रमही आपल्याच शास्त्राने घालून दिला आहे.

मात्र प्रामाणिकपणे एक कबूल केले पाहिजे. स्पर्धेचा तो एक दिवस अर्धशक्तीच्या मर्यादेत बसत नाही. शास्त्राची ओढाताण करून तो बसविण्याचे कारण नाही. त्या एका दिवसापूर्वीचे वर्ष मात्र पूर्णतः मर्यादेत बसविता येते आणि ज्याचे वर्ष असे गेले, त्यालाच तो एक दिवस सोसतो. यावरून आम्ही तीन कसोट्या ठरविल्या आहेत. पहिली, एक संपूर्ण हेमंत-शिशिर सरावात गेलेला असावा. दुसरी, लहान अंतराची, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे अशी स्पर्धा करून दुसऱ्या दिवशी भूक, झोप व उत्साह टिकलेला असावा. तिसरी, छातीत दुखले, दम आवरेना किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर अर्ध्यावर सोडून परत येईन, असा शब्द त्याने घरच्यांसमक्ष द्यावा. ज्यास परत फिरता येत नाही त्याने उतरू नये.

गुरुजींची ट्रेडमिल तपासणी निर्दोष आली. तरीही आम्ही सांगितले, ‘गुरुजी, यंदा नको.’ त्यांस वाईट वाटले. तपासणी चांगली असून नको का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. खुल्या पाण्यात ते एकदाही दीड किलोमीटर पोहलेले नव्हते आणि पुढे पावसाळा होता, हे आमचे उत्तर. पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. नंतर आले ते सरावाची वही घेऊन. पावसाळ्यात त्यांनी अभ्यंग, सूर्यनमस्कार व बेताचे चालणे एवढेच केले, दिवाळीनंतर सायकल बाहेर काढली आणि माघ महिन्यात लहान अंतराची स्पर्धा पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी ते वर्गावर हजर होते.

आता पुढील स्पर्धेचा अर्ज त्यांनी आमच्या मेजावर आणून ठेवला आहे. अद्याप आम्ही होकार दिलेला नाही. शब्द देण्यासाठी त्यांच्या पत्नी व मुलगा येत्या रविवारी येणार आहेत. या सर्व काळात त्यांना आम्ही विकलेले औषध म्हणजे अभ्यंगाचे तेल. एवढ्यावर दुकान चालत नाही हे आम्ही जाणतो. परंतु ‘यंदा नको’ हे ज्या वैद्यास म्हणता येते, त्याच्याच ‘उतरा’ या शब्दास किंमत राहते. आपल्या भागात असे स्पर्धक ज्यांच्याकडे येतात त्या वैद्यबंधू-भगिनींनी सरावापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, ही नम्र विनंती. व्यायामशक्तीची परीक्षा ग्रंथात आहे. तिचे आजच्या शरीरांवरील माप मात्र आपणच घ्यावयाचे आहे.